घरपोच मैफल

१९५३ साली भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. तेव्हापासून पुणेकराने एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे गाण्याला आपण जायचं. शाल घ्यायची, थर्मास घ्यायचा, जागा धरायची आणि शेजारचा चुकीच्या जागी दाद देतो म्हणून रात्रभर चडफडायचं. एके काळी गाणंही आपल्याकडे येत असे. मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव पहाटेच दारात उभा राहायचा. हल्ली त्याला सोसायटीच्या वहीत नाव आणि वेळ लिहूनच आत यावं लागेल.

मग लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या, गुडघे गेलेल्या रसिकाने करायचं काय? आणि ज्यांना आपण कुठल्या मजल्यावर आहोत हेच आठवत नाही, त्यांनी?

माझ्या आत्याला स्मृतिभ्रंश आहे. मी कधी तिचा पोस्टमन असतो, कधी धाकटा दीर. दिराशी तिचं कधीच पटलं नाही, त्यामुळे त्या दिवशी माझ्याशी अबोला. शेजारची गाणं शिकणारी मुलगी एकदा सकाळी आली, मोबाइलवर तानपुरा लावला आणि गीतरामायणातलं एक गाणं म्हणू लागली. दुसऱ्या ओळीपासून आत्याही गाऊ लागली. कडवी, शब्द, हरकती, सगळं जागच्या जागी. मुलगी मध्येच एक शब्द विसरली तो आत्याने पुरवला आणि गाणं संपल्यावर म्हणाली, "पट्टी उंच घेतलीस. तुझा आवाज नाही तिथला." मग माझ्याकडे वळून, "हे कोण?"

गीतरामायण पुणे आकाशवाणीवरून १९५५च्या रामनवमीला सुरू झालं. आठवड्याला एक याप्रमाणे गदिमा आणि बाबूजींची छप्पन्न गाणी. आत्या तेव्हा शाळेत होती. त्या वयात कानावर पडलेलं गाणं खोल मुरतं आणि अल्झायमरमध्ये पुष्कळ काही पुसलं गेलं तरी ते बराच काळ टिकून राहतं. रेडिओवरही ती गाणी लागतात की, असं कोणी म्हणेल. पण रेडिओ थांबत नाही. आत्या अडखळली तेव्हा ती मुलगी थांबली, लय कमी केली, तीच ओळ पुन्हा घेतली. समोर माणूस असण्याचा फायदा तो हाच.

असं गाणं घरी घेऊन जाण्याच्या कल्पनेचा पुण्याशी दूरचा संबंधही आहे. विख्यात व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन १९५२मध्ये आपल्या पुण्याच्या योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांना भेटले, त्यांचे शिष्य झाले आणि पुढे त्यांना 'माझे सर्वोत्तम व्हायोलिन-शिक्षक' असं कोरलेलं घड्याळ भेट दिलं. याच मेन्युहिननी १९७७ साली ब्रिटनमध्ये 'लाइव्ह म्युझिक नाऊ' ही संस्था काढली. जिथली माणसं मैफलीला येऊ शकत नाहीत अशा ठिकाणी ती तरुण कलावंतांना पाठवते, तेही मानधन देऊन. मानधनाच्या उल्लेखाशी आपले काही आयोजक खोकतील, पण तो मुद्दा सोडू नये.

पुण्यात गल्लोगल्ली गाण्याचे क्लास आहेत. विशारद होऊन श्रोते शोधणारी मुलं आहेत आणि घरोघरी बसलेले श्रोतेही आहेत. फक्त मध्ये कोणीतरी जिना चढायला हवा.

तेव्हा गायक-वादकहो, महिन्यातून एखादी सकाळ काढा. सकाळच, कारण स्मृतिभ्रंश असलेली बरीच माणसं संध्याकाळी अस्वस्थ होतात. माइक नको, टीव्ही बंद करायला सांगा, अर्धा तास पुरे. त्यांच्या तरुणपणीची गाणी घरच्यांना आधी विचारून ठेवा. 'मला ओळखलंत का?' हा प्रश्न मात्र विचारू नका. टाळ्यांची खात्री नाही, पण चूक निघेल ती बहुधा बरोबरच निघेल.