वाघाला मित्र नव्हता

जेरोम के. जेरोम या इंग्रज गृहस्थाला थेम्स नदीवर माहितीचं पुस्तक लिहायचं होतं. कोणत्या काठावर काय पाहावं, कोणता राजा कुठे उतरला होता, असलं. पण त्याने बोटीत दोन मित्र घेतले आणि माहितीचं वाटोळं झालं. १८८९ साली निघालेल्या ‘थ्री मेन इन अ बोट’मध्ये साहस म्हणावं असं काहीच घडत नाही. अननसाचा डबा फुटत नाही, बोटीवरचं कापड सहजी ताणलं जात नाही, आणि शेवटी पाऊस हटेना तेव्हा तिघेही बोट काठाला टाकून रेल्वेने लंडनला जेवायला पळतात. तरी सव्वाशेहून जास्त वर्षं लोक ते वाचून हसताहेत.

मराठीत असं पुस्तक आठवू गेलो की आधी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे सायकल दामटत पुढे येतो. पण तो पोरवयाचा. मिशा फुटल्या की आमचे नायक बसून घेतात. शिरवळकरांच्या ‘दुनियादारी’त दोस्ती आहे, मारामारी आहे, प्रेम तर आहेच, पण सगळं पुण्यात आणि बरंचसं कट्ट्यावर. चिं. वि. जोश्यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ घराबाहेर पडतात खरे, पण ते पडले भाऊ-भाऊ. भावाशी भांडण झालं तर वाटणीवर जातं, मित्राशी झालं तर चहावर मिटतं. कादंबरीला दुसरं भांडण बरं.

मित्रांच्या भटकंतीची अशी कादंबरी यवतमाळ जिल्ह्यातच घडायला हवी, असं माझं ठाम मत आहे. एक तर आमच्याकडे शकुंतला होती. मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करत यवतमाळला येणारी नॅरोगेज, अंतर ११३ किलोमीटर. मँचेस्टरला १९२१ साली बांधलेलं वाफेचं इंजिन तिला १९९४ पर्यंत ओढत होतं, मग कुठे डिझेल आलं. रूळ किलिक निक्सन या मूळच्या विलायती कंपनीच्या गोतावळ्यातले. स्वातंत्र्य मिळालं तरी त्यांचा करार काही सुटला नाही. आता ती बंद आहे. पण चालू होती तेव्हाची तिची चाल मैत्रीला फार मानवणारी. पुरुष माणसं समोरासमोर बसून मनातलं बोलत नाहीत. दोघांनी एकाच खिडकीतून एकच पऱ्हाटीचं वावर बराच वेळ पाहिलं की मग एकजण विचारतो, ‘‘बाबाची तब्येत कशी हाय बे?’’ एवढं विचारायला दारव्हा यावं लागायचं. समृद्धी महामार्गावर हा प्रश्न तोंडातून निघेपर्यंत दुसरा जिल्हा लागलेला असतो.

आणि साहस? त्यासाठी पांढरकवड्याजवळचं टिपेश्वर आहे, जेमतेम दीडशे चौरस किलोमीटरचं अभयारण्य. ‘‘येतं का बे टिपेश्वरले?’’ म्हटलं की दोस्त ‘‘काऊन?’’ असं आधी विचारतो आणि मग येतोच. सुन्ना गेटमधून आत गेल्यावर झुडपामागे काहीतरी हलतं. एक म्हणतो, ‘‘वाघ होता बे!’’ दुसरा म्हणतो, ‘‘कायचा वाघ, रोही होती ते.’’ हा वाद परतीच्या वाटेत संपत नाही. तो दोघांची लग्नं झाली, पोरं झाली तरी चालतो, आणि दरवर्षी वाघ हातभर वाढतो. रोही म्हणणाराही मनातून मानत असतो की कदाचित वाघ असेल; पण कबूल करणं म्हणजे दोस्तीत खोट.

याच टिपेश्वरातून खरा प्रवासी निघाला तो वेगळाच. त्याला नाव मिळालं ‘वॉकर’. २०१९ च्या फेब्रुवारीत या तरुण वाघाच्या गळ्यात कॉलर बांधली, आणि पावसाळ्याच्या तोंडाला गडी निघाला. तेलंगणातलं आदिलाबाद, मग नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला असं करत तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. वावरं, नाले, सडका ओलांडत एकंदर तीन हजार किलोमीटरहून जास्त चालला. स्वतःचं रान हवं होतं, वाघीण हवी होती. एवढं साहस जिल्ह्यातल्या कोणा माणसाने केलं असतं तर चौकात फलक लागला असता.

पण त्याची कादंबरी होत नाही. अहवाल झाला, नकाशावर ठिपके आले, कोणत्या तारखेला कुठे होता ते सगळं मिळतं. मिळत नाही ते एवढंच, की हिंगोलीजवळ त्याला कंटाळा आला होता का, आणि आला असेल तर कोणी ‘‘चाल ना बे, झालं आता’’ म्हटलं का. पैनगंगेला पाणी किती होतं हे तो वाढवून सांगू शकला नाही, कारण ‘‘घोट्याइतलं होतं, फेकू नको’’ म्हणणारा शेजारी नव्हता. मित्र संकटात धावून येतो म्हणून गोष्टीत लागतो, हे मला फारसं पटत नाही. आमचे मित्र संकटात बहुधा हसतात. तो लागतो आपल्या थापेला आडवं जायला. थापेला असा विरोधी पक्ष मिळाला की तिची गोष्ट होते.

यवतमाळात दोनदा साहित्य संमेलन भरलं, १९७३ साली गदिमांच्या आणि २०१९ साली अरुणाताई ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली. आता इथली एखादी दोन बाप्यांची भटकंती कोणीतरी लिहावी, आणि जरा लवकर लिहावी. वर्ध्याची ब्रॉडगेज २०२४ साली कळंबपर्यंत आली आहे.