रविवारचा गृहयंत्रज्ञ

रविवारी सकाळी पुण्या-नाशिकच्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये, अर्धी विजार आणि गणेशोत्सव मंडळाचा विटका टी-शर्ट अशा वेषात, डबल स्टँडवर लावलेल्या मोटारसायकलीपुढे उकिडवा बसलेला जो गृहस्थ आढळतो, त्याला येथे ‘गृहयंत्रज्ञ’ म्हटले आहे. पोटापाण्यासाठी तो बँकेत किंवा शाळेत असतो. यंत्रविद्येशी त्याचे नाते एवढेच की, ऐन तारुण्यात त्याच्याकडे, निदान त्याच्या मित्राकडे, १९८५ साली भारतात आलेली यामाहा आरएक्स-१०० होती. गॅरेजवाले चांगला पार्ट काढून घेतात आणि भलताच बसवतात, हे त्याचे मत पुराव्यावाचून सिद्ध झालेले असते.

त्याच्या विद्येची कसोटी पुढच्या ब्रेकचा लिव्हर वाकतो तेव्हा लागते. उभी गाडी नुसती कलंडली तरी हे घडते, कारण हा लिव्हर ॲल्युमिनियमच्या ओतकामाचा असतो, आणि ओतीव ॲल्युमिनियम एकदा वाकले की पुन्हा सरळ होण्याऐवजी बहुधा तुटतेच. गृहयंत्रज्ञाला हे मान्य नसते. तो लिव्हर गॅसच्या शेगडीवर तापवतो (घरातली मंडळी तेव्हा देवळात गेलेली असतात, गेली नसल्यास त्यांना पाठवले जाते), पकडीत धरून जोर लावतो आणि बुडाशी त्याचे दोन तुकडे झाले की, “हा आधीपासूनच तडकलेला होता,” असा निष्कर्ष जाहीर करतो. त्यानंतर एम-सील येते. एम-सील म्हणजे दोन निरनिराळे लगदे सारख्या प्रमाणात मळून लावायचे आणि वाळल्यावर दगडासारखे होणारे सांधद्रव्य. गळक्या टाकीला ते लागू पडले, म्हणून ब्रेकलाही लागू पडेल, हा त्याचा तर्क असतो.

या तर्कामागे इतिहास आहे. आरएक्स-१००च्या पुढच्या चाकाला ड्रम ब्रेक होता. त्यात लिव्हर तार ओढतो, त्या ओढीने ड्रममधले दोन अर्धगोल शू फाकतात आणि ड्रमला आतून घासतात, त्यामुळे तारेचा नट दोन आटे फिरवला की ब्रेक ‘टाइट’ होत असे. डिस्क ब्रेकमध्ये तार नसते. तेथे लिव्हर मास्टर सिलिंडरमधला छोटा दट्ट्या दाबतो, तो दाब नळीतल्या द्रवातून चाकाजवळच्या कॅलिपरमधल्या मोठ्या दट्ट्यापर्यंत पोहोचतो, आणि क्षेत्रफळ जितके पट अधिक तितके पट बळ वाढते. हा पास्कलचा नियम गृहयंत्रज्ञाने मुलाला परीक्षेच्या आदल्या रात्री स्वतः समजावून दिलेला असतो. मात्र तो आपल्याच गाडीत राहतो, याची त्याला गंधवार्ता नसते. तो अजून तारेचा नट शोधत असतो.

नट सापडत नाही, तेव्हा तो ‘ब्रेक ऑइल’कडे वळतो. वस्तुतः हे ऑइल नसून ग्लायकॉलयुक्त द्रव असते, जो हवेतली आर्द्रता शोषतो. ताजा डॉट-४ द्रव किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतो, तर ओलावा मुरलेल्या द्रवासाठी हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. गृहयंत्रज्ञ वर्षापूर्वी फोडलेल्या बाटलीतला द्रव ओततो आणि त्यातला थोडा टाकीवर सांडतो. हा द्रव रंग खातो, पण तत्काळ भरपूर पाणी ओतले तर धुऊन जातो. ब्रेकला पाणी वाईट, एवढे मात्र त्याला पक्के ठाऊक असल्यामुळे तो फडक्याने पुसत बसतो, आणि फडक्याबरोबर रंगही निघतो. “बाबा, हे असंच असतं का?” या मुलाच्या प्रश्नाला “टॉर्च नीट धर” हे उत्तर मिळते.

अखेरची चाचणी पार्किंगमध्येच, ज्या वेगाला चप्पलही गाडी थांबवू शकते त्या वेगाने होते आणि यशस्वी ठरते. सौभाग्यवती त्या दिवशी रिक्षाने जातात. एम-सीलच्या गोळ्यामुळे लिव्हर पुरता परत येत नाही, त्यामुळे मागचा लाल दिवा अखंड पेटलेला राहतो. विनोद येथेच संपतो, कारण तोच अडकलेला लिव्हर मास्टर सिलिंडरमधली द्रव परतण्याची वाट बंद ठेवतो, घासून तापलेला द्रव प्रसरण पावतो आणि पुढचे चाक भर रस्त्यात आवळले जाऊ शकते. मोडलेला लिव्हर जोडू नये. नवा स्पेअर पार्टच्या दुकानात काही शे रुपयांत मिळतो आणि बहुतेक गाड्यांवर तो बसवायला एकच बोल्ट काढावा लागतो. तेवढे काम घरी खुशाल करावे.