उत्कृष्टतेचे रकाने

दापोलीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. विद्यार्थ्याने बांधलेलं आंब्याचं कोय कलम जगलं की वाळलं, यावरून शिकवणं कसं झालं ते कळेल, अशी भाबडी समजूत मात्र कुणी बाळगू नये. केंद्र सरकार शिक्षणसंस्थांची जी राष्ट्रीय क्रमवारी लावतं, तीत ‘अध्यापन’ म्हणजे प्रामुख्याने विद्यार्थिसंख्या, शिक्षकांचं प्रमाण, त्यांच्या पीएच.डी. नि झालेला खर्च. वर्गात डोकावायचं कलम (हे कागदावरचं) त्यात नाही. आकडे नसतील तर वशिला माजेल, हा आक्षेप रास्तच; पण मग या मोजदादीला सामानाची यादी म्हणा की! त्यातही शिक्षकांच्या प्रमाणाची गंमत अशी, की पद भरायला मंजुरी सरकारची आणि जागा रिकामी राहिली तर गुण कापायचे विद्यापीठाचे. दिरंगाई मंत्रालयात, उत्कृष्टतेचा अभाव दापोलीत!