गल्लीतला दिग्दर्शक

दापोडीतला दिग्दर्शक लांबूनच ओळखू येतो. अंगात कंपनीचा युनिफॉर्म, गळ्यात शिट्टी, आणि समोर कोणी आलं की दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून त्याला तीत बसवून बघायचं. पहिल्या पाळीत भोसरीला फिटर, संध्याकाळी भयपटकार.

बाकीचे हौशी लोक भुताचा पिक्चर काढतात. पण भुताला विग लागतो, साडी लागते. आपल्या पठ्ठ्यानं खलनायक निवडला तो जलपर्णी. मुळा-पवनेच्या पाण्यावर पसरलेली, सांडपाण्यावर पोसलेली, पंधरवड्यात दुप्पट होणारी. "मेकअप नाही, भत्ता नाही, जेवणसुद्धा नदीतच!" हे तो निर्मात्याच्या समाधानानं सांगतो.

शंका काढली की दाखले तयार. रॉजर कॉर्मननं १९६० साली रक्तपिपासू रोपट्याचा 'द लिटल शॉप ऑफ हॉरर्स' जेमतेम दोन दिवसांत उरकला, तोही आधीच्या सिनेमाच्या सेटवर. मालेगावच्या नासिर शेखनी सायकलची ट्रॉली आणि बैलगाडीची क्रेन करून पिक्चर काढले. "आणि आपल्याकडे तर एसटीचं वर्कशॉप आहे!" वर्कशॉपचा इथे संबंध काय, हे विचारायचं नसतं.

सेटवरची भाषा मात्र कारखान्याची. किंचाळी बारीक निघाली की "रिजेक्ट! रिवर्क मार." नायकाला चाकणला तिसरी पाळी लागली, तर तो मध्यंतराआधीच बुडतो, पाळी बदलली की जुळा भाऊ म्हणून परत येतो. बाकी मरणारे सगळे मंडळाचे कार्यकर्ते. वर्गणी त्यांचीच असल्यामुळे मरण्याआधी प्रत्येकाला संवाद हवा. पाचशेवाल्याला "वाचवा!" एवढंच मिळतं. पाच हजारवाला क्लायमॅक्सपर्यंत जगतो, आणि तरीही पोस्टरवर फोटो लहान आला म्हणून रुसतो.

खरी पंचाईत उन्हाळ्यात. डासांनी हैराण झालेली वस्ती जलपर्णी काढा म्हणून निवेदन देते, त्यावर याचीही सही. आणि हाच नदीकाठी पोकलेनवाल्याला चहा पाजत असतो: "दादा, एवढी कड रविवारपर्यंत राहू द्या. क्लोजअप बाकी आहेत."

दादा ऐकत नाहीत. मग पटकथा जागच्या जागी बदलते. पोकलेन होतो हिरो, दादांना गॉगल मिळतो, आणि खलनायकाचा अंत एका टेकमध्ये ओके होतो. उरलीसुरली जलपर्णी पावसाळ्यात पुरासोबत जाते. पण हिवाळ्यात ती पुन्हा पाणी झाकणार याची त्याला खात्री असते, त्यामुळे भाग दोनची कलाकारनिवड गणपतीतच उरकते. बोटांची चौकट माझ्यावरही आली.

"काका, तुम्हाला संवाद नाहीत. नुसतं बुडायचंय. जुने कपडे घालून या."