यवतमाळात पक्षी कसे बघावेत : नवशिक्यांसाठी

पक्षीनिरीक्षणाची पहिली पायरी म्हणजे खरेदी. दुर्बीण आठ बाय बेचाळीसची, टोपी मातकट. शुक्रवारी रात्री गजर साडेचारचा लावावा आणि सहाला उठावं.

किनाऱ्यावरचे पक्षी बघायला यवतमाळला निघालोय, असं घरी सांगू नये. या शहरापासून पाचशे किलोमीटरच्या आत समुद्र नाही, हे घरच्यांना ठाऊक असतं. चिखल मात्र आहे, आणि या पक्ष्यांना तेवढाच लागतो. शहराला पाणी पाजणारी निळोणा आणि चापडोह, नाहीतर बाभुळगावकडचं बेंबळा, यांपैकी एखादं धरण गाठावं. हिवाळा सरता सरता पाणी मागे हटतं, काठ उघडा पडतो आणि शेकाटे, चिखले, तुतवार उतरतात. नगरपालिकेचा घोर वाढतो तसतसं आपलं नशीब उघडतं. 2018 च्या उन्हाळ्यासारखी टंचाई असेल, तर हा आनंद टँकरच्या रांगेत बोलून दाखवू नये.

सुरुवात शेकाट्यापासून करावी. लांबलचक गुलाबी पाय, सुईसारखी काळी चोच. चुकायलाच कष्ट पडतात. टिटवीला शोधावं लागत नाही, तीच तुम्हाला शोधते आणि साऱ्या धरणाला कळवते. उरलेले सगळे करडे-तपकिरी. तिथे ‘तुतवार असावा’ म्हणून गंभीरपणे मान हलवावी. बूड सतत वरखाली करत काठाने चालत असेल, तर खरंही निघतं. छोटा टिलवा दिसला तर गप्प राहावं. हा पंचवीसेक ग्रॅमचा जीव थेट उत्तर सैबेरियाकडून येतो, आणि आपण नागपूरहून एसी गाडीत येऊन कंबर धरून बसलेलो असतो.

एवढ्यात कुणीतरी येतोच. “काय पाहून राह्यले भाऊ?”

“पक्षी.”

“इथं काय पाह्यता? टिपेश्वरले जा नं, वाघ दिसते!”

जावं. पांढरकवड्याजवळचं हे 148 चौरस किलोमीटरचं अभयारण्य. सगळी जिप्सी खाली बघत असताना आपण सागाच्या शेंड्यांकडे बघावं. तुईया पोपट तिथे असतो. नराचं डोकं जांभळट गुलाबी, मादीचं राखाडी, शेपटीचं टोक पांढुरकं. दिसला तरी ‘थांबा, थांबा!’ ओरडू नये. बाकीचे वाघ समजून उभे राहतात आणि मग परतेपर्यंत कुणी बोलत नाही.

साधा राघू बघायला जंगल नको, दाण्यावर आलेली ज्वारी पुरे. फक्त त्याचं कौतुक बांधावर करू नये. थवा उतरतो, कणसं कुरतडतो, अर्धे दाणे खाली सांडतो. आणि ज्याची ज्वारी आहे तो हातात गोफण घेऊन तुमच्या शेजारीच उभा असतो. “सारेच घेऊन जा नं भाऊ, कोन नाही म्हन्ते!”

नेता येत नाहीत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार देशी पोपट पाळणं गुन्हा आहे. मुक्कामाला मामांच्या घरी ओसरीवर पिंजऱ्यात मिठू असेल, तर त्याची नोंद वहीत करू नये. कायदा मात्र मामांना जरूर सांगावा, जेवणं झाल्यावर.