दप्तरदार

‘हे कुठं लिहिलंय?’ हे आमच्या दप्तरदाराचं पालुपद. मंगळवारी रात्री टेस्टचा सर्व्हर बंद असतो असं कुणी सांगितलं, की ‘हे कुठं लिहिलंय?’ गुरुवारी कँटीनला मिसळ असते म्हटलं, तरी तेच. एकदा एकजण वैतागून म्हणाला, ‘माझ्या कपाळावर!’ दप्तरदाराने त्याच्या कपाळाकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, ‘शेवटचं अपडेट कधीचं?’

दप्तरदार हे त्याचं आडनाव नव्हे. हिंजवडीतल्या आमच्या मजल्याने त्याला दिलेली ती पदवी आहे. असा एकजण प्रत्येक सॉफ्टवेअर टीममध्ये असतोच. कोड लिहिणारे पैशाला पासरी मिळतात. तो कोड तसा का लिहिला हे लिहून ठेवणारा एखादाच निपजतो, आणि तो बहुतेक एकटाच जेवतो. वय पंचेचाळीसच्या आसपास, खिशाला पेन (लिहितो सगळं कीबोर्डवर, पेन नुसतं निष्ठेपोटी), आणि आपल्या पानाची लिंक न उघडताच कुणीतरी अंगठा दाखवून गेल्याचं कायमचं दुःख चेहऱ्यावर.

त्याने काय काय करून पाहिलं नाही! आधी विकी. वॉर्ड कनिंगहॅमने १९९५ मध्ये पहिलं विकी काढलं, तेव्हा नाव हवाईयन भाषेतून घेतलं; ‘विकी’ म्हणजे झटपट. आमच्या विकीत झटपट एकच गोष्ट व्हायची, पान शिळं व्हायचं. ‘नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी’ या त्याच्या पानाला वर्षभरात चार भेटी पडल्या. तीन त्याच्याच, चौथी मिसळीचा वार शोधणाऱ्याची. मग मायकेल नायगार्डने २०११ मध्ये मांडलेली पद्धत आणली. मोठा निर्णय घेतला, की तेव्हा परिस्थिती काय होती, ठरवलं काय आणि त्याचे परिणाम काय, एवढं थोडक्यात लिहून कोडशेजारीच ठेवायचं. पहिला निर्णय दप्तरदाराने स्वतः नोंदवला : ‘यापुढे निर्णय नोंदवले जातील.’ दुसऱ्याची आम्ही अजून वाट पाहतोय.

आणि मग एजंट आला.

एजंट म्हणजे काम सांगितलं की स्वतःच फायली उघडणारा, कोड बदलणारा, टेस्ट चालवून पाहणारा एआय. हुशार इतका, की आमच्यातल्या दोघांनी लिंक्डइनवरचं प्रोफाइल अपडेट केलं. पण कालचं आज आठवेल तर शपथ. दर सत्राला पाटी कोरी. म्हणून टीमच्या रीतीभाती सांगणारी एक साधी मजकुराची फाइल रेपोमध्ये ठेवायची असते. कामाला हात घालण्याआधी ती त्याच्यापुढे अख्खी मांडली जाते. सुरुवातीला प्रत्येक साधनाचा सवतासुभा होता : क्लॉड कोडची फाइल वेगळी, कर्सरची वेगळी, गिटहब कोपायलटची तिसरीच. २०२५ मध्ये ‘एजंट्स डॉट एमडी’ हे सामाईक नाव बऱ्याच साधनांनी मान्य केलं.

हे सगळं आम्हाला एका मीटिंगमध्ये सांगण्यात आलं. आम्ही मोबाइल बघत होतो. दप्तरदार मात्र खुर्चीत पुढे सरकला.

‘म्हणजे तो ती फाइल वाचतो?’

‘हो.’

‘पूर्ण?’

‘पूर्ण.’

‘रोज?’

‘दर वेळी.’

दप्तरदाराने चष्मा काढून पुसला. वीस वर्षांच्या नोकरीत त्याला पहिल्यांदा वाचक मिळाला होता.

त्या दिवसापासून गडी बदलला. सकाळी आठला यायचा. ‘लेगसी_फायनल हे फोल्डर मृत आहे. लेगसी_फायनल_२ हे चालू आहे. लेगसी_फायनल_२_नवे याला हात लावू नये.’ ‘स्टेटस ७ म्हणजे भांडून परत आलेला ग्राहक.’ ‘वेळ नेहमी यूटीसीमध्ये साठवावी, भारतीय वेळ फक्त दाखवण्यापुरती.’ फाइल सगळ्यांची आहे, सगळ्यांनी भर घाला, अशी दवंडीही त्याने पिटली. इथेच घात झाला. विकीवर चार ओळी लिहायला ज्यांचे हात दुखत, ते सगळे लिहू लागले. कारण एजंटला सूचना देताना शेजाऱ्याला टोमणा मारता येतो, हे त्यांच्या लक्षात आलं. ‘फंक्शनला नाव देताना किमान विचार करावा’ ही ओळ एजंटसाठी नव्हती, माझ्यासाठी होती. ‘आधी टेस्ट लिहावी’ असं एकाने लिहिलं, तर ‘गरज असेल तरच’ असं दुसऱ्याने चाळीस ओळी खाली. टेस्टिंगच्या मॅडमनी ‘झालं म्हणण्याआधी एकदा चालवून बघावं’ अशी ओळ टाकली. ती एजंट पाळतो. एका नवशिक्याने तर एजंटची सोय व्हावी म्हणून डेटाबेसचा पासवर्डच फाइलमध्ये चिकटवला. त्या दिवशी दप्तरदार जेवला नाही.

काही नियम त्याने हौसेने मराठीत लिहिले होते, आणि एजंटला ते कळतही होते. पण एजंटमागचं मॉडेल मजकूर टोकनांत, म्हणजे शब्दांच्या तुकड्यांत, मोजतं, आणि त्याच आशयाला इंग्रजीपेक्षा देवनागरीत सहसा जास्त टोकन खर्ची पडतात. मराठी महाग पडते हे समजल्यावर तो दोन दिवस कुणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सगळं इंग्रजीत केलं आणि एकच ओळ मराठीत राहू दिली : ‘कळत नसेल तर विचार.’

फाइल चौदाशे ओळींवर गेली आणि एजंट हाताबाहेर जायला लागला. सहाशेव्या ओळीवरचा नियम खुशाल मोडायचा. दाखवून दिलं की ‘तुमचं अगदी बरोबर आहे!’ म्हणून मोकळा. लांब मजकुराच्या सुरुवातीचं आणि शेवटचं मॉडेलला नीट सापडतं, मधलं निसटतं, असं संशोधकांनी २०२३ मध्येच दाखवून दिलं होतं. आम्हाला त्यात नवल वाटलं नाही. मंगलाष्टकांत तरी मधलं कोण ऐकतं? पहिलं, आणि मग ‘सावधान’.

‘थोडं कमी कर,’ मी टपरीवर चहा घेताना दप्तरदाराला म्हटलं.

‘कमी? इतिहासकार सरदेसायांनी पेशवे दप्तराचे पंचेचाळीस खंड काढले!’

आबा शेजारी उभे होते. आबा म्हणजे आमच्या डेटाबेसचे मूळपुरुष. कंपनीचा पहिला टेबल त्यांनी बनवला, आणि त्यानंतर त्याविषयी एक अक्षर लिहिलं नाही. सगळं डोक्यात. ते बिस्किट चहात बुडवत म्हणाले, ‘निवडक.’

‘काय?’

‘निवडक कागदांचे खंड आहेत ते. दप्तरात हजारो रुमाल बांधून पडलेत. त्यातून निवडून पंचेचाळीस. अरे, सरदेसायांचं काम ते निवडणं.’ बिस्किट तुटून चहात पडलं. आबांनी त्याला श्रद्धांजली वाहिली आणि ते वर निघून गेले.

दप्तरदाराला ते लागलं. पण निवडायचं काय? त्याला प्रत्येक ओळ पोटच्या पोरासारखी. महिनाभर खपून त्याने अकरा ओळी गाळल्या आणि का गाळल्या यावर चौदा लिहिल्या.

अशात तो शुक्रवार उजाडला. ग्राहकांना पैसे परत करण्याच्या कोडची गती वाढव, असं एजंटला सांगितलं होतं. त्याला तिथे एक ओळ दिसली : अकरा सेकंद थांबा. ना टीप, ना कारण. कुठल्याही शहाण्याने काढली असती, त्यानेही काढली. टेस्ट सगळ्या हिरव्या. बदलाला मंजुरी देणारा मीच. संध्याकाळपर्यंत नऊ ग्राहकांना परतावा दोनदा गेला. तक्रार अर्थातच एकानेही केली नाही. हिशेब जुळेना, म्हणून रात्री उशिरा कळलं.

एजंटला विचारलं. ‘तुमचं अगदी बरोबर आहे! तो थांबा महत्त्वाचा होता.’ मग आमचे साहेब दप्तरदाराकडे वळले. आवाज चढवला नाही, एवढंच विचारलं, ‘हे कुठं लिहिलंय?’

चौदाशे ओळी त्याने आमच्यासमोर वरपासून खालपर्यंत चाळल्या. टोमणे होते, तीनही लेगसी होत्या, स्वल्पविरामानंतर किती जागा सोडायची तेही होतं. अकरा सेकंद कुठेच नव्हते.

‘ते होय?’ मागून आबा म्हणाले. ‘बँकेकडे व्यवहार पोचला तरी त्यांच्या नोंदीत उमटायला दहा सेकंद लागतात. त्याआधी विचारलं तर ते सांगतात, असा व्यवहारच नाही. मग आपला कोड बिचारा पुन्हा पाठवतो. टेस्टमधली बँक खोटी, ती लगेच उत्तर देते. म्हणून मी अकरा ठेवले. दहा त्यांचे, एक आपला.’

‘आबा, हे तुम्ही सांगितलं का नाही कधी?’

‘कुणी विचारलं नाही.’

शनिवारी मी दप्तरदाराचं सांत्वन करायला घरी गेलो. स्वयंपाकघरात त्याने छापून चिकटवलेली लेबलं : साखर, रवा, पोहे, तूरडाळ. त्याच्या आईने चहासाठी ‘पोहे’ लिहिलेल्या डब्यातून साखर काढली.

‘आई, लेबल बघ ना!’

‘मला माहितीये की.’

‘पण दुसऱ्या कुणाला कसं कळणार?’

‘झाकण उघडलं की दिसतंच रे, साखर आहे का पोहे. त्याला लेबल कशाला? लिहायचंच असेल तर असं लिही, की वरच्या फळीवरची बरणी दिवाळीपर्यंत उघडायची नाही, लोणचं अजून मुरतंय. ते उघडून कळत नाही. उघडलं की वाटोळं!’

दप्तरदार कपबशी हातात धरून बराच वेळ त्या बरणीकडे बघत बसला. चहा निवून त्यावर साय धरली.

सोमवारी त्याने कुऱ्हाड चालवली. कोड उघडल्यावर एजंटला आपसूक दिसतं ते सगळं उडवलं. स्वल्पविराम, जागा, ओळीची लांबी हे नियम कोड तपासणाऱ्या प्रोग्रामकडे दिले. फाइलमधला नियम ही शेवटी विनंती असते, मोडता येते, तो प्रोग्राम मात्र चूक असेल तर कोड पुढे जाऊच देत नाही. पासवर्ड, कोडची मुख्य फांदी असल्या जागी विनंत्या काढून कुलपं घातली. एकाच फोल्डरपुरतं होतं ते त्या फोल्डरमधल्या छोट्या फाइलमध्ये ठेवलं, म्हणजे तिथे काम निघालं तरच वाचलं जाईल. टोमणे ज्याचे त्याला परत केले. माझा मला मिळाला. उरल्या त्या नुसत्या मुरणाऱ्या बरण्या. एकूण सत्त्याऐंशी ओळी, आणि सगळ्यात वर ‘कळत नसेल तर विचार’. एजंट आता खरंच विचारतो. त्याचे प्रश्न दप्तरदार गोळा करतो, कारण जे त्याला विचारावं लागलं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं, हा त्याचा नवा हिशेब. आठवड्यातून एकदा ते घेऊन तो आबांना टपरीवर गाठतो. चहा दप्तरदाराचा, बिस्किट आबांचं. ‘आबा, हे असं का?’ ‘तेव्हा तसंच करावं लागलं.’ ‘पण का?’ तिसऱ्या ‘का’ला आबा बोलायला लागतात.

सत्त्याऐंशी ओळी वाचायला पाचेक मिनिटं लागतात. त्यामुळे एक अघटित घडलं : नव्याने येणारी मुलं ती फाइल वाचू लागली. एजंटसाठी लिहिलेली, म्हणजे खरी असणार, असा त्यांचा हिशेब. विकीचं ते जुनं पान अजून चार भेटींवरच आहे.

अकरा सेकंदांची ओळ परत आली आहे. तिच्या डोक्यावर आता तीन ओळींची टीप आहे : बँक, दहा सेकंद, आपला एक. टीप आबांनी स्वतः लिहिली, आयुष्यातली पहिली. ‘व्यवहार’ या शब्दाचं इंग्रजी स्पेलिंग त्यात दोनदा चुकलं आहे. दुसऱ्याच्या मजकुरातलं सुटलेलं टिंबही ज्याला सहन होत नाही, त्या दप्तरदाराने मंजुरी देताना ते पाहिलं, आणि तसंच राहू दिलं.