मामांचं पान

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, वडसा-देसाईगंजकडे, नाटकाशी काहीच संबंध नसलेला माणूस हवा असेल, तर तो बाहेरून मागवावा लागेल. दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, बैलांचे शंकरपट सुटतात आणि रात्री सुरू झालेलं नाटक पहाटे कोंबड्याला उठवूनच संपतं. कोणाचा जावई लेखक, कोणाचा साळा हार्मोनियमवर, कोणाच्या वावरात मंडप. यातलं काहीच ज्याच्या वाट्याला आलं नाही, त्यानं निदान तिकिटं तरी खपवलेली असतात.

अशा मुलखात आमच्या भाच्यानं मराठी विकिपीडियावर आपल्या मामाचं, म्हणजे माझ्या धाकट्या भावाचं, पान लिहायला घेतलं. पहिल्याच ओळीत 'झाडीपट्टीचे अजरामर नटसम्राट'. मी तिथं अधूनमधून शुद्धलेखन दुरुस्त करतो, म्हणून मसुदा माझ्याकडे आला. मी त्याला संकेत सांगितला: जवळच्या माणसावर स्वतः लिहू नये, चर्चा पानावर नातं सांगावं, मजकूर सुचवावा, निर्णय दुसऱ्याला घेऊ द्यावा. पैसे घेऊन लिहीत असशील तर ते जाहीर करणं २०१४पासून वापराच्या अटींतच आहे.

"मामानं मटण खाऊ घातलं तर?"

यावर अटींत काही सापडलं नाही.

मोह मात्र थोरामोठ्यांनाही सुटलेला नाही. विकिपीडियाचे सहसंस्थापक जिमी वेल्स यांनी स्वतःच्याच चरित्राच्या पानात हात घातल्याचं २००५ साली उघड झालं, तेव्हा त्यांनाही बोलणी खावी लागली. पण त्यांच्यावर लिहायला सगळं जग मोकळं होतं. आमच्या नटावर भाच्यानं लिहायचं नाही, तर लिहिणार कोण? झाडीपट्टीचेच नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आलं, संदर्भ हाती आले. बाकीच्यांची सगळी कारकीर्द पोस्टरवर आणि गाडीवरच्या भोंग्यात. "अख्ख्या तालुक्यानं ऐकलं, याहून मोठा पुरावा कोणता?" भाचा म्हणाला. मला त्याचं पटत होतं, पण भोंग्याला तळटीप कशी द्यायची?

मी 'अजरामर' खोडलं, मग 'नटसम्राट'. खोडताना बरं वाटत होतं, आणि तिथंच मला शंका आली. लहानपणी टाळ्या भावाला पडायच्या, मी पडदा ओढायचो. प्रेमाचा हितसंबंध सगळ्यांना दिसतो. भावकीतल्या जळफळाटाचा कोणी जाहीर करत नाही, उलट तो काटेकोरपणा म्हणून खपतो. तेव्हा चर्चा पानावर भाच्याच्या नात्याखाली मी माझंही नातं लिहिलं.

हे आम्हाला जड जायला नको. आमच्याकडे अनोळखी पोराला पाणी देण्याआधी "कोनाचा गा तू?" विचारतात, आणि उत्तरावरून त्याच्या पुढच्या बोलण्यातलं किती धरायचं ते ठरवतात. विकिपीडियाला वेगळं काय हवंय?

विशेषणं गेल्यावर उरलं नाव, गाव, जन्मसाल आणि नाटकांची यादी. मसुदा मामांनाही दाखवला. 'नटसम्राट' गेल्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. ते थेट जन्मसालावर आले.

"एवढं काढ गा बापू. स्टेजवर मी अजून कॉलेजात शिकतो."